कॅरॅव्हॅन ट्रेलरसाठी छोटं वेब ॲप : कोडच्या आधीचा कागद

या मालिकेत आपण दर भागात एक छोटं सॉफ्टवेअर घेतो आणि लिहायला बसण्याआधी कागदावर काय काय ठरवायचं ते पाहतो. आजचा विषय आहे कॅरॅव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. ते ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी एक साधं वेब ॲप करायचं आहे.

सुरुवातीला एक फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इंजिनवाली व्हॅन येते, जिच्या आतच पलंग, ओटा आणि बाथरूम असतं. महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली, तेव्हापासून हा शब्द घराघरांत पोचला. ट्रेलर ही वेगळी वस्तू आहे. त्याला इंजिन नसतं. तो आपल्या नेहमीच्या गाडीला मागून जोडायचा, मुक्कामी सोडायचा, आणि गाडी घेऊन गावात भाजी आणायला जायचं. आजचं ॲप या दुसऱ्या प्रकारच्या मालकांसाठी आहे.

मी राहतो बंगळुरूच्या बसवनगुडीत. प्लेगच्या साथीनंतर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आखून वसवलेला हा भाग. रस्ते सरळ आहेत, झाडं जुनी आहेत, पण ट्रेलर उभा करायला जागा मात्र नाही. त्यामुळे इथले मालक ट्रेलर शहराबाहेर कुणाच्या तरी प्लॉटवर किंवा शेडमध्ये ठेवतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बाहेर काढतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढचे बरेच निर्णय तिच्यावरून ठरणार आहेत.

मागण्यांची यादी आणि एक वाक्य

ॲप करायचं ठरलं की मागण्या लगेच जमा होतात. मुक्कामाच्या जागांचा नकाशा हवा. खर्चाचा हिशेब हवा. जुने सुटे भाग विकायची सोय हवी. फोटो टाकायला जागा हवी, गप्पांचा गट हवा, हवामान हवं. यातली एकही मागणी वेडगळ नाही. पण सगळ्या घेतल्या तर सहा महिन्यांनीही पहिला पडदा तयार होणार नाही.

म्हणून मी मालकांना वेगळा प्रश्न विचारतो. “तुम्हाला काय हवं?” असं विचारत नाही. “निघायच्या आदल्या संध्याकाळपासून मुक्कामी पोचेपर्यंत तुम्ही काय काय करता, ते क्रमाने सांगा” असं म्हणतो. मग माणूस सांगायला लागतो. टायरची हवा बघतो, पाणी भरतो, सिलिंडर बंद केलाय का बघतो, हुक बसला का बघतो, मागचे दिवे लागतात का ते बायकोला बघायला सांगतो. आणि मध्येच म्हणतो, “विम्याची तारीख एकदा बघायला पाहिजे.”

या सांगण्यात ॲपचं काम लपलेलं असतं. ते मी एका वाक्यात लिहितो आणि कागदाच्या डोक्यावर चिकटवतो : “महिन्यातून एकदा निघणाऱ्या माणसाला, नेटवर्क नसलेल्या जागी, जोडणी आणि तारखा यांतलं काही विसरू न देणं.” एवढंच. पुढे कुठलीही मागणी आली की ती या वाक्यासमोर धरायची. हवामान बसत नाही, कारण त्यासाठी फोनवर दुसरं ॲप आहे. गप्पांचा गट बसत नाही, कारण तो व्हॉट्सॲपवर आधीच आहे.

मुक्कामाच्या जागांचा नकाशा नाकारताना लोकांना सगळ्यात जास्त वाईट वाटतं, म्हणून त्याचं कारण नीट सांगतो. अशी यादी एकदा केली की कायम ताजी ठेवावी लागते. बसवनगुडीतून वायनाडकडे किंवा उटीकडे निघालात, तर वाटेत बंडीपूरचं जंगल लागतं, आणि तिथला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. असे नियम, असे दरवाजे आणि बंद पडलेली ठिकाणं रस्तोरस्ती असतात. आपल्या यादीत एक नोंद शिळी राहिली, तर मुलंबाळं घेऊन निघालेलं कुटुंब रात्री नऊ वाजता ट्रेलरसकट बंद गेटसमोर उभं राहतं. रोज लक्ष घालणारा माणूस मिळेपर्यंत अशी यादी न दिलेली बरी. त्याऐवजी प्रत्येक मालकाला स्वतःची टिपणं लिहायला एक साधी चौकट द्यायची. कुणी त्यात बंडीपूरची वेळ लिहील, कुणी लिहील की कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बुल टेंपल रोडवर शेंगांची जत्रा भरते, त्या दिवसांत गाडी तिकडून काढायची नाही.

वजनाचं गणित : इथे जीव अडकलेला आहे

हे ॲप गमतीचं वाटेल, पण त्याच्या मुळाशी गंभीर गोष्ट आहे. ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा हलायला लागला, तर तो ओढणाऱ्या गाडीलाही फिरवतो. उतारावर, वेगात आणि बाजूने ट्रक गेल्यावर हे जास्त होतं. त्याचं एक मोठं कारण म्हणजे वजनाची चुकीची वाटणी.

ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं वजन गाडीच्या हुकावर येतं. अमेरिकेत साधारण नियम सांगतात की हे वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं. ब्रिटनमध्ये, तिथल्या हलक्या ट्रेलरना, ५ ते ७ टक्के सांगतात. आपल्या ट्रेलरचा आणि आपल्या गाडीच्या हुकाचा आकडा त्यांच्या माहितीपुस्तकात पाहायचा. टोकावर वजन फार कमी झालं की ट्रेलर मागून जड होतो आणि डुलायला लागतो. फार जास्त झालं की गाडीची मागची बाजू खाली बसते आणि पुढची चाकं हलकी होतात.

आता एक उदाहरण घेऊ. ट्रेलरचं एकूण वजन ९०० किलो, टोकावर ९० किलो. म्हणजे १० टक्के, छान. पाण्याची टाकी १०० लिटरची आहे आणि ती चाकांच्या आसापासून दीड मीटर मागे बसवलेली आहे. आसापासून हुकापर्यंत अंतर ३ मीटर. निघताना टाकी भरली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून मागे १०० किलो वाढले. मुलं खेळतात त्या सी-सॉसारखंच हे. १०० गुणिले दीड भागिले तीन, म्हणजे टोकावरचं वजन ५० किलोंनी कमी झालं. आता टोकावर ४० किलो, आणि एकूण वजन १०००. दहा टक्क्यांचे चार टक्के झाले, तेही नुसती टाकी भरल्यामुळे. सामान जिथल्या तिथे आहे आणि डोळ्यांना काही फरक दिसत नाही.

मोजायचं कसं? रस्त्यालगतच्या वजनकाट्यावर दोनदा. एकदा ट्रेलर सोडून, पूर्ण काट्यावर ठेवून. दुसऱ्यांदा गाडीला जोडून, पण गाडी काट्याच्या बाहेर आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे टोकावरचं वजन. मोठे काटे ५ किंवा १० किलोच्या टप्प्यांत दाखवतात, तेव्हा हा आकडा अंदाजाचाच समजायचा.

आता ॲप करणाऱ्याला मोह होतो, की हे गणित ॲपमध्ये घालू आणि शेवटी हिरवी खूण दाखवू : “सुरक्षित”. मी ते करत नाही. ॲपला माहीत नसतं की पलंगाखाली कुणी तांदळाचं पोतं ठेवलंय. हिरवी खूण दिसली की माणूस स्वतः बघणं सोडतो. म्हणून आराखड्यात मी लिहून ठेवलं आहे की “सुरक्षित” हा शब्द ॲपमध्ये कुठेही येणार नाही. त्याऐवजी तीन गोष्टी दिसतील : शेवटचं मोजलेलं वजन, ते कधी मोजलं ती तारीख, आणि तेव्हा टाकी भरलेली होती की रिकामी. आज टाकीची स्थिती वेगळी असेल, तर ॲप एवढंच म्हणेल, “मोजलं तेव्हा टाकी रिकामी होती.” पुढचा निर्णय माणसाचा.

यादी प्रदक्षिणेच्या क्रमाने

निघतानाची तपासणी हा ॲपचा मुख्य पडदा. तपासणी यादीची गोष्ट विमानांपासून सुरू होते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान चाचणीच्या वेळी कोसळलं. वैमानिक अनुभवी होते, यंत्रही बिघडलेलं नव्हतं. विमान जमिनीवर असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावतात ती कडी काढायची राहिली होती. त्यानंतर उड्डाणाआधी कागदावरची यादी वाचायची पद्धत पडली. ट्रेलरच्या बाबतीतही चुका अशाच साध्या असतात. पुढचा छोटा टेकू वर घ्यायचा राहतो, छतावरची झडप उघडी राहते, सुरक्षा साखळी अडकवायची राहते.

यादी कशी मांडायची? पहिला विचार असा येतो की ब्रेक, वीज, गॅस, पाणी असे विभाग करू. कागदावर ते नीटनेटकं दिसतं. पण माणूस ट्रेलरभोवती असा फिरत नाही. विभागवार यादी घेतली तर तो चार वेळा पुढे-मागे जाईल आणि तिसऱ्या फेरीला कंटाळेल. म्हणून यादी प्रदक्षिणेच्या क्रमाने करायची. आधी आत जाऊन झडपा आणि कपाटं. मग बाहेर पुढच्या टोकापासून सुरुवात : हुक, त्याची कडी, सुरक्षा साखळी, विजेची तार, टेकू. मग डावी बाजू, डावा टायर. मग मागे जाऊन दिवे. मग उजवी बाजू, गॅसचा कप्पा, आणि परत पुढे.

यात काही बारकावे आराखड्यातच लिहून ठेवायचे.

एक : दर प्रवासाला खुणा पुसून यादी कोरी व्हायला हवी. मागच्या वेळच्या खुणा तशाच दिसल्या तर यादीचा उपयोग संपला.

दोन : “सगळं झालं” असं एकच बटण ठेवायचं नाही. प्रत्येक ओळीवर वेगळं बोट पडायला हवं.

तीन : मध्येच फोन आला तर परत उघडल्यावर यादी त्याच ओळीवर असावी, आणि शेवटची खूण किती वेळापूर्वी केली ते दिसावं. अर्धा तास गेला असेल तर “पुन्हा पुढून सुरू करा” असं सुचवावं.

चार : दिव्यांच्या ओळीला दोन माणसं लागतात, एक ब्रेक दाबायला आणि एक मागे उभं राहून बघायला. यादीत तसं स्पष्ट लिहावं.

पाच : दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून करायची एक छोटी यादी वेगळी असावी. हुक पुन्हा बघायचा, चाकाच्या नटबोल्टांवर नजर टाकायची, टायरजवळ हात नेऊन एखादा फार तापला आहे का ते बघायचं.

गॅसबद्दल थोडं जास्त सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून गॅसच्या कप्प्याला तळाशी झरोका हवा, आणि तो चिखलाने किंवा पिशवीने बंद झालेला नाही ना, ही यादीतली स्वतंत्र ओळ हवी. चालत्या गाडीत सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, ही दुसरी ओळ.

बहुतेक मालक पहाटे निघतात, गांधी बाजारात फुलवाल्यांच्या गाड्या लागण्याच्या आधी. अंधार असतो, एका हातात टॉर्च असते, बोटांना ग्रीस असतं. म्हणून अक्षरं मोठी, पार्श्वभूमी काळी, आणि प्रत्येक ओळ अंगठ्याने दाबता येईल एवढी उंच.

दुसरी यादी परत आल्यावर ठेवतानाची. पाणी काढून टाकणं, गॅस बंद, बॅटरीची तार सोडणं, चाकांना अडण्या लावणं. ट्रेलर महिनाभर शहराबाहेर एकटा उभा राहणार असतो, म्हणून ही यादी निघतानाच्या यादीएवढीच महत्त्वाची.

तारखांची वही, आणि दोन वाहनांचं एक जोडपं

आता माहिती कशी साठवायची ते ठरवू. नवखा माणूस “माझं वाहन” असा एकच तक्ता करतो. इथे तो पुरत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी होते, त्याला स्वतःचा क्रमांक मिळतो. आणि तो जोडून चालवताना ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसावा लागतो. म्हणजे आपल्याला तीन तक्ते लागतात : गाडी, ट्रेलर, आणि या दोघांची जोडी. जोडीच्या तक्त्यात हुकाच्या गोळ्याचा व्यास येतो. ५० मिलिमीटरचा गोळा आणि २ इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा गोळा, हे डोळ्यांना सारखेच दिसतात. पण २ इंची जोडणी ५० च्या गोळ्यावर सैल बसते. उद्या भावाची गाडी घेऊन निघालात तर हाच आकडा आधी बघायचा.

चौथा तक्ता तारखांचा. गाडीचा विमा, ट्रेलरचा विमा, गाडीचं पीयूसी. ट्रेलरला इंजिन नाही, म्हणून त्याला पीयूसी नाही. ॲपने तिथे रिकामी चौकट दाखवून माणसाला गोंधळात टाकायचं नाही. मग टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. उभा राहणाऱ्या ट्रेलरचा टायर झिजत नाही, पण उन्हात वाळून म्हातारा होतो. नक्षी नव्यासारखी दिसते म्हणून माणूस फसतो. म्हणून टायरच्या नोंदीत हे चार आकडे घ्यायचे आणि समोर वय दाखवायचं. गॅसच्या सिलिंडरवरही पुढच्या चाचणीची मुदत लिहिलेली असते, इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि साल. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. त्या रबरी नळीचीही मुदत असते, तीही नोंदवायची.

मराठी माणसं राज्याराज्यांत पसरलेली, त्यामुळे अजून एक तारीख लागते. एका राज्यात नोंदलेलं वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं, तर कायद्याप्रमाणे तिथली नोंदणी घ्यावी लागते. पुण्यात घेतलेला ट्रेलर बदली झाल्यावर बंगळुरूला आणला, तर आणल्याची तारीख लिहून ठेवलेली बरी. आणि नोंदणी क्रमांकाच्या चौकटीला “आधी राज्याची दोन अक्षरं” असा कडक नियम लावू नका. २०२१ मध्ये आलेल्या भारत मालिकेच्या क्रमांकात आधी साल येतं, मग बीएच. पुण्याचा ‘एमएच १२’, जयनगर आरटीओचा ‘केए ०५’ आणि बीएचवाला क्रमांक, तिन्ही त्या चौकटीत बसले पाहिजेत.

तारखेचा एक तांत्रिक खड्डाही दाखवतो. जावास्क्रिप्टला वर्ष-महिना-दिवस अशी नुसती तारीख दिली, तर ती ग्रीनिचची मध्यरात्र समजली जाते. भारतात तेव्हा त्याच दिवसाचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणून आपल्याला काही चुकलेलं कळतच नाही. पण अमेरिकेतल्या मुलाने वडिलांच्या ट्रेलरच्या तारखा उघडल्या, तर त्याला प्रत्येक मुदत एक दिवस आधीची दिसते. उपाय सोपा आहे. मुदतीला वेळ नसतो, ती साधी मजकूर म्हणून साठवायची आणि तिचे तीन तुकडे आपणच वाचायचे.

नेटवर्क नसताना

एका वाक्यात आपण लिहिलंय, “नेटवर्क नसलेल्या जागी”. घाटात, शेतातल्या शेडमध्ये, जंगलाच्या कडेला ॲप उघडलंच पाहिजे. वेब ॲपला हे जमतं. सर्व्हिस वर्कर नावाची सोय असते, ती ॲपची पानं फोनमध्ये ठेवून देते. माहिती ब्राउझरच्या आतल्या साठ्यात ठेवता येते. त्यासाठी साइट सुरक्षित जोडणीवर असावी लागते, एवढीच अट.

पण सुरुवातीची गोष्ट आठवा : आपले मालक महिन्यातून एकदा ॲप उघडतात. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये २०२० पासून नियम आहे, की ब्राउझर वापरात असताना एखाद्या साइटला सात दिवस हात लागला नाही, तर त्या साइटने फोनमध्ये साठवलेली माहिती पुसली जाते. रोज उघडायच्या ॲपला हे जाणवत नाही. आपल्या ॲपचं मात्र सगळंच जाईल, आणि तेही नेमकं निघायच्या पहाटे कळेल. होम स्क्रीनवर जोडलेल्या वेब ॲपला यातून सूट आहे. म्हणून पहिल्याच पडद्यावर, माहिती भरायच्या आधी, “होम स्क्रीनवर जोडा” ही पायरी चित्रासह दाखवायची.

आठवण करून द्यायचा प्रश्न उरतो. बंद असलेलं वेब ॲप आपोआप जागं होऊन “विमा संपतोय” असं सांगू शकत नाही. त्यासाठी सर्व्हर लागतो, आणि आयफोनवर तर २०२३ नंतरच्या आवृत्त्यांत, होम स्क्रीनवर जोडलेल्या ॲपलाच अशा सूचना पाठवता येतात. एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक फोनमध्ये कॅलेंडर आहे. ॲपने तारखांची एक कॅलेंडर फाईल तयार करून द्यायची. मालकाने ती एकदा उघडली की महिनाभर आधीची आठवण त्याच्या नेहमीच्या कॅलेंडरमध्ये बसते. आपलं ॲप उद्या बंद पडलं तरी आठवण येतच राहते.

काय साठवायचं नाही

आता थोडं चोराच्या बाजूने विचार करून बघा. या ॲपला काय काय कळू शकतं? कुटुंब कुठल्या तारखेला निघतंय, कधी परत येतंय, आणि महागाची वस्तू शहराबाहेर कुठल्या शेडमध्ये एकटी उभी आहे. म्हणजे घर रिकामं कधी आणि ट्रेलर एकटा कुठे, हे दोन्ही. अशी माहिती शंभर घरांची एका सर्व्हरवर गोळा करणं म्हणजे स्वतःच्या गळ्यात घंटा बांधून घेणं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याचा गाभाही हाच आहे, की सांगितलेल्या कामापुरती आणि संमतीने माहिती घ्यावी.

म्हणून पहिल्या आवृत्तीत लॉगिन नाही, सर्व्हरवर साठा नाही. सगळं मालकाच्या फोनमध्ये. ठिकाणाची परवानगी ॲप मागणारच नाही. कागदपत्रांचे फोटो घेणार नाही, ते डिजिलॉकरमध्ये असतात, आपल्याला फक्त शेवटची तारीख पुरते. चेसिस क्रमांकसुद्धा नको, कारण त्याच्यावाचून आपलं एकही काम अडत नाही.

मग नवरा-बायकोच्या दोन फोनांचं काय? “फाईल पाठवा” असं एक बटण. फाईल व्हॉट्सॲपवरून दुसऱ्या फोनवर जाते, तिथे उघडली की ॲप दोन तारखा दाखवून विचारतं : “ही नवी आहे, घेऊ का?” आपोआप जुळवणाऱ्या यंत्रणेइतकं हे सफाईदार नाही, पण समजायला सोपं आहे. हीच फाईल फोन हरवला तर कामाला येते. खर्च म्हणाल तर साइटचं नाव आणि साधी पानं ठेवायची जागा, एवढाच.

भाषा आणि आकडे

बंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या काही मराठी घरांत बोलणं मराठीत होतं, पण वाचणं कन्नडमध्ये. ट्रेलर दुरुस्त करणारा मेकॅनिक तिसरीच भाषा बोलतो. म्हणून पडद्यावरचा प्रत्येक शब्द पहिल्या दिवसापासून कोडच्या बाहेर, वेगळ्या यादीत ठेवायचा. मराठी, कन्नड, इंग्रजी असे तीन रकाने. नंतर करू म्हटलं तर दोनशे जागी शोधत बसावं लागतं. आणि “हुकाची कडी” असं लिहिलं तरी शेजारी चित्र हवंच, कारण या भागांना घरोघरी वेगळी नावं असतात.

मराठी कीबोर्डवर माणूस ‘९०’ देवनागरीत टाइप करतो. ब्राउझरची आकड्यांसाठीची खास चौकट असे आकडे स्वीकारत नाही. तेव्हा साधी मजकुराची चौकट ठेवून, आत आलेले देवनागरी आणि कन्नड आकडे आपणच बदलून घ्यायचे. दाखवताना मात्र ब्राउझरला मराठी सांगितलं की तो आपणहून देवनागरी आकडे देतो. घेताना एक आणि दाखवताना दुसरं, असं होऊ शकतं, म्हणून हे आधीच तपासायचं.

पाच पडदे, आणि बांधायचा क्रम

एवढं ठरल्यावर पडदे आपोआप मोजता येतात. एक, निघताना. दोन, ठेवताना. तीन, तारखा. चार, वजन आणि जोडी. पाच, माझी टिपणं आणि फाईल. सहावा पडदा सुचला तर तो पुढच्या वर्षाच्या कागदावर लिहा.

बांधायचा क्रम असा. आधी निघतानाची यादी कागदावर छापा, आणि ज्याने कधीच ट्रेलर जोडलेला नाही अशा माणसाच्या हातात द्या. तुम्ही शेजारी उभे राहा, पण बोलू नका. तो कुठे थांबतो, कुठे “हे म्हणजे काय?” विचारतो, कुठे मागे वळतो, ते लिहून घ्या. ओळी बदला, पुन्हा छापा. दोन-तीन फेऱ्यांत यादी सरळ होते, तीही एक ओळ कोड न लिहिता. मग तीच यादी नेटवर्काशिवाय चालणारा एक पडदा म्हणून बांधा आणि मालकांना एक खरा प्रवास करू द्या. त्यानंतर तारखा, मग वजन. फाईलची सोय मात्र वजनाच्या आधी करा, कारण लोकांनी माहिती भरायला लागल्यावर ती वाचवणं ही आपली जबाबदारी होते.

आणि शेवटी, यादीचा छापील कागदही ॲपमधून काढता यायला हवा. तो प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ट्रेलरच्या दाराच्या आतल्या बाजूला लावता येतो. फोनची बॅटरी संपली, फोन घरी राहिला, किंवा गाडी चालवायला मेहुणा आला, तरी कागद तिथे असतो.

तुमच्याकडे ट्रेलर नसेल, पण शेतातली पाण्याची मोटर असेल, सोसायटीचा जनरेटर असेल, शाळेची बस असेल. कधीतरीच हाताळायची, पण विसरलं तर महागात पडणारी कुठलीही वस्तू घ्या आणि तिच्यासाठी हाच कागद करून बघा. पुढच्या भागात आपण या पाच पडद्यांपैकी पहिला पडदा प्रत्यक्ष बांधायला घेऊ. तोवर तुमची यादी छापून एका माणसाच्या हातात देऊन झालेली असू द्या.